जर्मनीतली ज्युनियर प्रोफेसरची जागा, विषय उत्क्रांती आणि पेशी: मुंबईत बसून अर्ज करण्यात अर्थ आहे का?

खारफुटी

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी मुंबईत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतेय. पीएचडी यीस्टवर होती, पेशीच्या आत पडद्याच्या छोट्या पिशव्यांमधून माल इकडून तिकडे कसा जातो आणि त्यात कुठली प्रोटीन्स लागतात वगैरे. आता पोस्टडॉकमध्ये कोआनोफ्लॅजेलेट. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, हे एकपेशीय जीव आहेत, एक शेपूट, तिच्याभोवती कॉलर, बॅक्टेरिया खातात, आणि आज जिवंत असलेल्यांपैकी सगळ्या प्राण्यांचे (म्हणजे आपलेही) सगळ्यात जवळचे एकपेशीय नातेवाईक. त्यातली काही कल्चर्स (लॅबमध्ये वाढवलेले जीव) मी ठाण्याच्या खाडीच्या पाण्यातून स्वतः वेगळी केलीत. गाइडचा आक्षेप नाही, पण रसही नाही, त्यामुळे ते काम शनिवार-रविवारी चालतं.

परवा एका जर्मन युनिव्हर्सिटीची जाहिरात दिसली, इव्होल्युशनरी सेल अँड मॉलिक्युलर बायॉलॉजीत युनिओरप्रोफेसूर (ज्युनियर प्रोफेसरची जागा), डब्ल्यू-१ ही पगारश्रेणी, पुढे वरच्या डब्ल्यू-२ वर टेन्युअर ट्रॅक, म्हणजे कायम व्हायची वाट. विषय वाचून वाटलं की अरे हे तर माझंच वर्णन आहे, आणि दुसऱ्या मिनिटाला वाटलं की जगात असं वाटणारे दोनशे जण असतील. एकाच पीडीएफमध्ये सीव्ही, पेपरांची यादी, रिसर्च कन्सेप्ट, टीचिंग कन्सेप्ट, आणलेल्या ग्रँटची यादी, सर्टिफिकेटं एवढं सगळं मागितलंय. ग्रँटच्या यादीत माझी फक्त फेलोशिप आहे. मोठ्या तीन जर्नल्समध्ये (नेचर, सायन्स, सेल) पेपर नाही, बरे आहेत, फर्स्ट ऑथर आहेत, पण ते नाहीत.

तर प्रश्न असा की यांना नक्की कोण हवं असतं? जागा आधीच कोणासाठी तरी ठरलेली असते का? टीचिंग कन्सेप्ट म्हणजे काय लिहायचं, मी एका कॉलेजात टीवायबीएस्सीला व्हिजिटिंग म्हणून शिकवलंय ते धरतात का? आणि इथे राहावं तर इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपचं वय गेलं, रामलिंगस्वामी फेलोशिप परदेशातून परत येणाऱ्यांसाठी आणि मी तर गेलेच नाही. नवरा बँकेत आहे, मुलगी दुसरीत. घरी अजून कोणाला बोलले नाहीये.

संपादक_३

धागा 'शिक्षण व करिअर' मध्ये हलवला आहे.

मास्तर_घाटकोपर

जाहिरात आवडली की अर्ज करायचा, विचारायचं काय त्यात, नाही म्हणाले तर पीडीएफ तरी तयार राहील.

बाकी तुम्ही 'आधीच ठरलेली असते का' हे जर्मनांबद्दल विचारताय ते वाचून बरं वाटलं, म्हणजे हा प्रश्न फक्त आपल्याकडचाच नाही. मी नेट-सेट दोन्ही पास, पीएचडी झालेली, आणि अजून तासिका तत्त्वावर. असिस्टंट प्रोफेसरच्या लेव्हल १० ची एंट्री ५७,७०० बेसिक आहे हे मला पाठ आहे, पगाराच्या स्लिपवर कधी बघितलेलं नाही. इंटरव्ह्यूला जातो, पॅनल बसलेलं असतं, पाच मिनिटांत चहा येतो आणि कळतं.

टीवायचं शिकवणं नक्की लिहा. साठ-सत्तर पोरांच्या वर्गात प्रॅक्टिकल घेऊन दाखवा म्हणावं त्यांना.

राईनकाठ

सविस्तर लिहितो, कारण इथल्या एका युनिव्हर्सिटीत (नाव घेत नाही) अशाच एका जागेच्या निवड समितीत मी पोस्टडॉक लोकांचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. मूळ गाव दादर, आता बरीच वर्षं इकडे.

आधी ही पोस्ट काय आहे ते, कारण आपल्याकडे 'ज्युनियर' वाचून लोक असिस्टंट समजतात. इथे पूर्वी पीएचडीनंतर कुठल्या तरी मोठ्या प्रोफेसरच्या हाताखाली वर्षानुवर्षं राहून हाबिलिटात्सिओन नावाचा दुसरा प्रबंध करायचा आणि चाळिशीत कुठे प्रोफेसर व्हायचं असा मार्ग होता. २००२ मध्ये कायदा बदलून ही पोस्ट आणली, की पीएचडीनंतर थोड्याच वर्षांत माणूस स्वतंत्र व्हावा, स्वतःचे विद्यार्थी, स्वतःचा गट, वर बॉस नाही. २००४ मध्ये घटना न्यायालयाने तो बदल रद्द केला, केंद्राने राज्यांच्या अधिकारात हात घातला म्हणून, मग त्याच वर्षी दुरुस्त करून परत आणला. म्हणून आजही तपशील राज्याराज्यात वेगळे. साधारण तीन अधिक तीन वर्षं, मध्ये एक मूल्यमापन. पगार महिना पाच हजार युरोच्या वर ग्रॉस, टॅक्स कापून काय उरतं त्यावर फार स्वप्नं बघू नका पण घर चालतं.

तुमच्या जाहिरातीत सगळ्यात महत्त्वाचे शब्द 'टेन्युअर ट्रॅक' हे आहेत. ते नसतील तर सहा वर्षांनी नमस्कार, कितीही चांगलं काम केलं तरी. असेल तर सुरुवातीलाच निकष ठरतात आणि ते पुरे केले की पुन्हा जाहिरात न काढता डब्ल्यू-२ वर कायम करतात. २०१६ मध्ये केंद्र आणि राज्यांनी मिळून अशा १००० जागांचा कार्यक्रम ठरवला, एक अब्ज युरोपर्यंत पैसे, २०३२ पर्यंत. तेव्हापासून हा प्रकार रुळलाय.

आता यांना कोण हवं असतं. जाहिरातीतला विषय हा डिपार्टमेंटमधल्या तहाचा मसुदा असतो. उत्क्रांतीवाले म्हणतात आम्हाला माणूस हवा, सेल बायॉलॉजीवाले म्हणतात आम्हाला, मग मध्ये 'अँड' घालून जागा निघते. त्यामुळे समितीतले अर्धे लोक तुमचा अर्ज एका डोळ्याने वाचतात आणि अर्धे दुसऱ्या. उत्क्रांतीवाल्यांना भीती असते की ही बाई यीस्टमधलं एक प्रोटीन घेऊन बसेल आणि शेवटच्या परिच्छेदात 'उत्क्रांती' लिहील. सेलवाल्यांना भीती की हा दिवसभर कॉम्प्युटरवर जीनोमची झाडं काढेल आणि मायक्रोस्कोप धूळ खाईल. ज्याचा अर्ज वाचून दोघांचीही भीती जाते तो पुढे सरकतो. आमच्याकडे मोठ्या जर्नलवाले दोन उमेदवार याच कारणाने मागे पडले.

आणि या विषयात हे नुसतं राजकारण नाही, त्याला खरा आधार आहे. २०१५ ला आर्क्टिकच्या समुद्रतळाच्या गाळातून लोकीआर्किया नावाचे केंद्रक नसलेले सूक्ष्मजीव सापडले, सापडले म्हणजे काय तर डीएनएचे तुकडे जोडून जीनोम तयार केले, पेशी कोणी बघितलीच नव्हती. त्या जीनोममध्ये ॲक्टिनसारखी (ॲक्टिन म्हणजे पेशीच्या सांगाड्याचे तंतू बनवणारं प्रोटीन), पडद्याच्या वाहतुकीशी संबंधित अशी जीन्स होती जी तोवर फक्त केंद्रकवाल्या पेशींची मक्तेदारी समजली जायची. लगेच वाद, की हे कंटॅमिनेशन, म्हणजे दुसऱ्याच जीवाचा मिसळलेला डीएनए, तर नाही? जपानी गटाने त्यातलाच एक नातेवाईक बारा वर्षं खपून वाढवला, पेशी दुप्पट व्हायला दोन-तीन आठवडे लागायचे, तो पेपर २०२० चा. मग व्हिएन्नाच्या गटाने स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावरच्या चिखलातून आणखी एक वाढवला आणि पेशीच्या आत ॲक्टिनचे तंतू खरोखर दाखवले. जीनोमपासून तंतूपर्यंत यायला एवढी वर्षं गेली. डिपार्टमेंटला आता हे दोन्ही टोकांचं काम एका छपराखाली हवंय, म्हणून ही 'अँड'वाली जागा.

तुम्ही यीस्टमधून आलात आणि खाडीतून जीव स्वतः वाढवले, ही तुमची सगळ्यात जमेची बाजू आहे आणि तुम्ही ती शनिवार-रविवारचं काम म्हणून सांगताय! गाइडला रस नाही ही तर लॉटरी आहे. समितीचा पहिला प्रश्न हाच असतो की गाइडच्या कामापासून वेगळं तुमचं काय, आणि तो विषय गाइड तुम्हाला घेऊन जाऊ देणार का.

टीचिंग कन्सेप्टबद्दल उद्या लिहितो, इथे रात्र झालीय.

कलिनाकर

राईनकाठ, दंडवत. तहाचा मसुदा हे अगदी पटलं, आमच्याकडेही जागा अशाच निघतात, फक्त आरक्षणाच्या रोस्टरमधून वाट काढत.

खारफुटी, एक वेगळी बाजू. सहा वर्षांनी टेन्युअर मिळालं नाही तर तुम्ही चाळिशीत परत येणार आणि इथल्या बऱ्याच संस्था असिस्टंट प्रोफेसरसाठी पस्तिशीच्या आसपासचं वय धरतात. तेव्हा त्याच्या वरच्या पोस्टसाठीच अर्ज करावा लागेल, आणि त्या जागा अजून कमी. इंडिया अलायन्सची (जैववैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी संस्था) फेलोशिप बघितलीत का? त्याला तुम्ही भारतात असून चालतं. कुलाबा, पवई, खारघरच्या संशोधन संस्था, पुण्याचं आयसर, सगळीकडे असे लोक आहेत ज्यांनी फेलोशिप घेऊन मग जागा मिळवली. बंगळूरला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत तर पेशीतले कप्पे कसे उत्क्रांत झाले यावर थेट काम चालतं. जर्मनी वाईट असं म्हणत नाही, पण पहिला अर्ज तिकडेच का?

खारफुटी

@कलिनाकर, बघितली, करणारही आहे, पण ती फेलोशिप आहे, नोकरी नाही. ती संपल्यावर यजमान संस्था ठेवेल असं कुठे लिहिलेलं नसतं. या जाहिरातीत निदान लिहिलेलं आहे.

@राईनकाठ, तुमचा प्रतिसाद मी ट्रेनमध्ये वाचला आणि मुलुंडऐवजी ठाण्याला उतरले. लॉटरी वगैरे ठीक आहे, पण ती कल्चर्स मी नेऊ शकते का तिकडे? फ्लास्क बॅगेत टाकून तर नाही ना जाता येणार.

कांदळवन_मित्र

बॅगेत टाकून अजिबात जाऊ नका!! बरं झालं विचारलंत, लोक विचारत नाहीत आणि मग अडकतात.

जैविक विविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली इथले जैविक नमुने संशोधनासाठी देशाबाहेर न्यायचे किंवा पाठवायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. सूक्ष्मजीवही त्यात आले, 'डोळ्याला दिसत नाही' ही सबब चालत नाही. शिवाय खाडीतून नमुना घेताना तो कुठून घेतला ते बघा. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेला, तिथे वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय बादली बुडवायची नाही. तुम्ही कुठून घेतलंत ते मी विचारत नाही, पण संस्थेच्या फाइलमध्ये कागद असायला हवा.

आणि दुसरी बाजू जर्मनीची. जैविक नमुने एका देशातून दुसऱ्या देशात वापरण्याबद्दलचा नागोया करार २०१४ पासून लागू आहे, युरोपियन युनियनचा त्यावर स्वतःचा नियम आहे, त्याखाली तिथल्या संशोधकालाही दाखवावं लागतं की नमुना मूळ देशाच्या कायद्याने आलाय. म्हणजे कागद नसेल तर त्यांनाच नकोसं होईल. पेपर छापताना जर्नलंही विचारायला लागलीत.

परवानगी मिळते, अशक्य नाही, पण वेळ लागतो. घाईत रिसर्च कन्सेप्ट पूर्ण त्याच कल्चरवर उभा करू नका एवढंच.

राईनकाठ

कांदळवन_मित्र, हे सोन्यासारखं लिहिलंत. मी भर घालतो: ही अडचण अर्जातच वापरा. कन्सेप्टचा पाया साल्पिंगोइका रोझेटा या कोआनोफ्लॅजेलेटवर ठेवा, ती जात कल्चर कलेक्शनमधून विकत मिळते, तिच्यात डीएनए घालता येतो, क्रिस्परने जीन्समध्ये हवा तो बदलही करता येतो (२०२० पासून), बर्कलीच्या निकोल किंग यांच्या लॅबने ती सगळी हत्यारं तयार करून ठेवलीत. एका बॅक्टेरियाच्या रसायनामुळे तिच्या पेशी एकत्र राहून गुच्छ करतात हे त्यांनीच २०१२ मध्ये दाखवलं. तुमचा पिशव्यांच्या वाहतुकीचा प्रश्न तिथे चपखल बसतो: गुच्छ करताना पेशी बाहेर जे चिकट जाळं टाकते ते आतून बाहेर कसं जातं, आणि त्यातली यंत्रणा यीस्टमधल्यासारखी किती आणि प्राण्यांसारखी किती? मग खाडीतल्या जाती तुलनेसाठी, 'परवानगीची प्रक्रिया अशी अशी, आली नाही तर पर्याय हा' असं दोन ओळींत. समितीला संकटाचा विचार केलेला माणूस आवडतो, खास करून जर्मन समितीला.

आता टीचिंग. सुरुवातीला आठवड्याला चार तास शिकवायचं, त्यांचा तास पंचेचाळीस मिनिटांचा, मध्यावरच्या मूल्यमापनानंतर बहुतेक ठिकाणी सहा. पूर्ण प्रोफेसरला आठ-नऊ असतात. टीचिंग कन्सेप्टमध्ये 'मी विद्यार्थीकेंद्री शिकवते' असलं काही लिहू नका, ते सगळेच लिहितात आणि समितीतले विद्यार्थी प्रतिनिधी ते वाचून एकमेकांकडे बघतात. त्या डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर मॉड्यूलचं हँडबुक असतं, कुठल्या सेमिस्टरला काय शिकवतात त्याची जाडजूड पीडीएफ. ती उघडा, कोण रिटायर होतंय आणि त्याचा कोर्स कोणता ते शोधा. बहुतेक वेळा तीच ती जागा. आमच्या वेळी पहिल्या वर्षाचं सेल बायॉलॉजीचं प्रॅक्टिकल कोणाला घ्यायचं नव्हतं, आणि एका उमेदवाराने त्या प्रॅक्टिकलचं नाव घेऊन त्यात काय बदलेन ते अर्ध्या पानात लिहिलं होतं. ती लिस्टवर वर गेली. मास्तर म्हणतात ते बरोबर आहे, साठ-सत्तर पोरांचं प्रॅक्टिकल घेतलंय हे तिथे मोठं भांडवल आहे, कमी मायक्रोस्कोपमध्ये कसं भागवलं तेही लिहा.

तसंच त्या युनिव्हर्सिटीत डीएफजीचा (संशोधनाला पैसे देणारी जर्मन संस्था) एखादा मोठा सामूहिक प्रकल्प चालू आहे का बघा, ते चार-चार वर्षांच्या तीन टप्प्यांत जास्तीत जास्त बारा वर्षं चालतात. दुसरा किंवा तिसरा टप्पा मागायची वेळ जवळ आली असेल तर त्यांना त्यात बसणारा नवा माणूस हवाच असतो.

'आधीच ठरलेली' याबद्दल: कधी कधी कोणी तरी मनात असतं, खोटं कशाला बोला. पण घरच्याच माणसाला घ्यायला इथे अडथळे आहेत, पीएचडीनंतर युनिव्हर्सिटी बदललेली असावी किंवा काही वर्षं बाहेर काम केलेलं असावं असं बहुतेक राज्यांचे कायदे म्हणतात. समितीत बाहेरचे प्रोफेसर असतात, समान संधी अधिकारी बसते आणि ती खरंच बोलते, शेवटी बाहेरून तज्ज्ञांची मतं मागवून तीन नावांची यादी करतात. नाकारलेला उमेदवार कोर्टात जाऊ शकतो, त्यामुळे सगळं कागदावर.

बोलावलं तर वीस-तीस मिनिटांचं भाषण, बऱ्याचदा एक नमुना लेक्चर, मग बंद खोलीत प्रश्न. थोडक्यात कांदेपोहे, फक्त मुलीकडचेही तुम्हीच आणि पोहेही तुम्हीच करायचे. निकालाला वर्ष लागलं तरी नवल नाही, त्या काळात कोणी मेल करत नाही, ते मनाला लावून घेऊ नका.

मास्तर_घाटकोपर

नाकारलेला उमेदवार कोर्टात जाऊ शकतो आणि तरी वर्षभरात निकाल लागतो?? आमच्याकडे कोर्टात गेला की ती जागाच तिथे म्हातारी होते.

स्नेहल_ना

मी सोबत आलेल्या नवऱ्याची बायको नाही, उलट आहे, बायकोसोबत आलेला नवरा आहे, आयडी तिचा आहे. तुमच्या नवऱ्याला हा धागा दाखवा. जोडीदाराला काम करायची परवानगी मिळते, तो भाग सोपा. बँकेतली नोकरी मात्र जर्मन येत नसेल तर विसरा, आयटी-डेटा कडे वळता येत असेल तर शक्य. मी पहिलं वर्ष भाषेच्या क्लासात आणि मुलाला शाळेत सोडण्यात घालवलं, अहंकाराला त्रास झाला, आता बरं आहे. मुलगी दुसरीत म्हणजे वय चांगलं आहे, ती सहा महिन्यांत तुम्हाला दुरुस्त करायला लागेल. सरकारी शाळांना फी नाही. अजून एक मूल हवं असेल तर बऱ्याच राज्यांत या पोस्टची मुदत त्यासाठी वाढवून मिळते, ते बायकोला फार उशिरा कळलं.

घरी आधी बोला पण. समितीने बोलावल्यावर सांगू हा प्लॅन वाईट आहे.

खारफुटी

सगळ्यांना खूप धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

घरी बोलले. नवरा म्हणाला की तू दर रविवारी चिखलाची बाटली घेऊन येतेस तेव्हाच मला कळायला हवं होतं. सासूबाईंनी एकच विचारलं, कायमची नोकरी आहे का, त्यावर टेन्युअर ट्रॅक समजावता समजावता कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, तरी पटलेलं दिसत नाही.

मॉड्यूल हँडबुक उघडलं. राईनकाठ, तुम्ही म्हणता तसंच आहे, एक प्राध्यापक पुढच्या वर्षी निवृत्त होतायत आणि त्यांचा तिसऱ्या सेमिस्टरचा प्रोटिस्टचा (कोआनोफ्लॅजेलेटसारखे, बहुतेक एकपेशीय जीव) कोर्स आहे, प्रॅक्टिकलसकट!! मी त्यावर पान लिहितेय. संस्थेत परवानगीच्या कागदांचं काम बघणाऱ्या मॅडमना पण भेटले, त्यांनी फाइल काढायला लावली आहे.

शेवटचं एक: जाहिरातीत खाली एका प्रोफेसरचं नाव आहे, 'माहितीसाठी संपर्क' असं. त्यांना आधी मेल करायचा का, की ते वशिला लावल्यासारखं दिसतं? आणि ग्रँटच्या रकान्यात नुसती फेलोशिप लिहून बरं दिसेल का?

राईनकाठ

करा, त्यासाठीच नाव दिलेलं असतं, इथे त्याला वशिला म्हणत नाहीत. छोटा मेल, सीव्ही जोडू नका. टेन्युअरचे निकष कधी आणि कशात लिहून मिळतात, तो प्रोटिस्टचा कोर्स या जागेकडे येणार आहे का, आणि लाइव्ह इमेजिंगचा मायक्रोस्कोप सामायिक आहे की कोणाच्या खासगी लॅबमधला, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून डिपार्टमेंटमध्ये कोणाचं कोणाशी पटतं तेही कळेल. अर्ज किती आले हे विचारू नका.

फेलोशिप लिहा, रकमेसकट, स्पर्धेतून मिळाली असंही लिहा. आणि त्याखाली 'पुढे अर्ज करणार' म्हणून डीएफजीचा एमी नोएथर कार्यक्रम टाका, पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो म्हणून तारीख आत्ताच तपासा. त्यात सहा वर्षांसाठी स्वतःच्या गटाचे पैसे मिळतात, युनिव्हर्सिट्यांना अशी माणसं हवीच असतात.

कलिनाकर

इंडिया अलायन्सचीही तारीख बघून ठेवा हो, दोन्हीला कन्सेप्टचा अर्धा भाग तोच लागेल. तुमचा प्रोटिस्टचा कोर्स इथे कोणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतंय हे वेगळं.

अणुरेणू_७७

छान धागा. मी प्लाझ्मा फिजिक्समध्ये आहे, फ्रान्समध्ये पण असंच ज्युनियर प्रोफेसर चेअर म्हणून काही आहे ना? त्याबद्दल कोणी सांगेल का

संपादक_३

आहे, २०२० च्या त्यांच्या संशोधन कायद्यातून आलेलं. कृपया वेगळा धागा काढा.